व्हर्नामावशीची चढण

टार्बेटमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि गुरांपेक्षा कुचाळक्या. नेब्रास्काच्या माळावर रेल्वे आली म्हणून ते गाव वसलं. पुढे गुरं ट्रकने जाऊ लागली आणि गावाची रया गेली. कुचाळक्या तेवढ्या टिकल्या.

व्हर्ना स्टकीचं घर गुरांच्या कोंडवाड्याला लागूनच. तिचा मुलगा डेल्मर एका ऑक्टोबरात शेजारच्या टीग कुटुंबाच्या वासरांबरोबर मालगाडीच्या गार्डच्या डब्यातून ओमाहाच्या गुरांच्या बाजाराला गेला. डब्यात आडवं झालेलं जनावर डिवचून उठवायला सोबत एक माणूस लागतोच. पाळी खरं तर टीगांच्या पोराची, ऑरिनची होती, पण त्याला त्या रात्रीचा नाच चुकवायचा नव्हता.

वासरं पोचली. डेल्मर नाही. कुणा बाईने ठेवून घेतला, असं गाव म्हणालं. पुढच्या वर्षी तेच गाव म्हणालं, चाकाखाली गेला. गुरं डब्यात चढवायच्या लाकडी चढणीला दर हिवाळ्याआधी व्हर्ना मात्र डांबर फासायची, कुजकी फळी बदलायची. उतरताना त्याचा पाय अडकायला नको!

मग रूळ उखडले. कोंडवाड्याचं लाकूड ऑरिनने गोठ्यासाठी विकत घेतलं आणि पहार घेऊन आला, तर चढणीच्या मधोमध स्टुलावर व्हर्नामावशी बटाटे सोलत बसलेली.

"ऊठ गं मावशी. रूळच नाहीत, गाडी काय हवेतून येणार?"

"गाडीचं मला सांगू नकोस. उतरणाऱ्याला जागा हवी."

"अगं, केस पिकले तुझे वाट बघून!"

"तुझे तर गळाले. मी काही बोलले?"

तेवढ्यात मागे खुरं वाजली. आदल्याच दिवशी ऑरिनने वासरं आयांपासून तोडून घरूनच ट्रकमध्ये चढवली होती. त्याच वासरांच्या गाई कुंपण मोडून इथे आल्या होत्या. गाय वासराला जिथे शेवटचं पाजते तिथेच परत जाते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण यांनी तर ही जागा जन्मात पाहिली नव्हती. आणि हंबरून माळ डोक्यावर घ्यायचं सोडून त्या चढणीच्या पायथ्याशी गप्प उभ्या राहिल्या. माना वर, कान पुढे. कुणी चालत येताना गाय बघते, तशा.

"काय बघतायत गं त्या?" ऑरिनने पहार खाली टेकवली.

"तुला नाही दिसत?" मावशी उठली, आणि तिने स्टूल आणि बटाट्यांची बादली कडेला सरकवली. वाट द्यावी, तशी.

ऑरिनने कोंडवाडा नेला, चढण नाही. त्याच्या गोठ्याला अजून एक भिंत कमी आहे, म्हणून लोक त्याला चिडवतात.

मावशी गेली. चढण माळावर तशीच उभी आहे, कुठेच न जाणारी. दर ऑक्टोबरात कुणीतरी तिला डांबर फासतं. ऑरिनला विचारा, तो हात मागे लपवून म्हणेल, "मला काय ठाऊक?"

पण लोकांनी त्याला पाहिलंय. कडेकडेने जपून वर चढतो. मधली वाट मोकळी ठेवून.