सहवास आकार

डिचोलीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी मराठीची जेवढी सेवा केली, तेवढी एखाद्या साहित्य परिषदेनेही केली नसेल. मागच्या अंगणात त्यांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या आणि भाड्याखेरीज उकळायच्या प्रत्येक रकमेला शुद्ध मराठी नाव दिले. पाहुणा आला की ‘आतिथ्य आकार’, दोरीवर कपडे वाळवले की ‘सूर्यप्रकाश आकार’. ‘पैसे’ हा शब्द त्यांना अश्लील वाटे.

कारखान्यात कामाला आलेल्या बेळगावकडच्या एका भाडेकरूची बायको लग्नानंतर पहिल्यांदाच आठवडाभर राहायला आली. तिने पिशवीही खाली ठेवली नव्हती, तोच शेजारी म्हणाले, “सहवास आकार पडतलो हां.”

“मालक, बायकू हाय की माझी. तिचं कसलं पैसं?”

“बायल तुझीच, ना कोण म्हणता? पण खोली माझी मरे.”

त्याने बाजारहाटासाठी ठेवलेल्या नोटा काढून दिल्या. शेजाऱ्यांनी त्या प्रसादासारख्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि तिला तोंडभर आशीर्वाद दिला.

दोघांच्या पोटापुरते काही उरले नव्हते, म्हणून ती दुसऱ्या सकाळच्या गाडीने गावी परतली. सहवास आकार आठवड्याचा होता आणि तो परत मिळत नसे.