राजश्रीची चुकलेली ओळ

राजश्री शिरूरमध्ये मोटर स्टार्टर दुरुस्त करते. गेल्या वर्षापासून ती स्वतःची पेटीही बनवते. विहिरीत पाणी नसेल तर ही पेटी मोटर सुरू होऊ देत नाही. आतल्या चिपचा प्रोग्रॅम ती सी भाषेत लिहिते. मी मराठीची पदवीधर. तिच्या दुकानात बसून चहा पिते.

वडगाव रासाईच्या पाणी संस्थेला सगळ्या मोटरींवर पेट्या बसवायच्या होत्या. पहिली नीट चालली तर ते काम राजश्रीचं.

लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालला. चिपचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, मात्र जुना. त्याला सगळ्या व्हेरिएबलची, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांची, नावं प्रोग्रॅमच्या त्या भागाच्या सुरुवातीलाच लागतात. मध्येच नवं नाव आलं की तो अडतो. राजश्रीनं अडलेली ओळ उचलून वर नेली. एरर गेले. पाणी ओळखणारा सेन्सर भरलेल्या बादलीत बुडवला, मोटर फिरली. आम्ही निघालो.

विहिरीवर संस्थेचे अध्यक्ष पोपटराव उभे होते.

"आधी सेन्सर भाईर काढा," ते म्हणाले. "पाणी नसल्यावर काय करती बघू."

सेन्सर बाहेर आला. मोटर तरीही सुरू झाली. राजश्रीनं झटकन मेन स्विच पाडला.

"ही तर आमच्या वाचमन ज्ञानूसारखी हाय. नको म्हटलं की आधी करती!" पोपटराव म्हणाले.

जमलेली माणसं हसली. मग पोपटराव हळूच म्हणाले, "सेन्सर खराब असंल ताई. कंपनीकडून बदलून आना."

"सेन्सर चांगला हाय, आप्पा. चूक माझी हाय. त्या ओळीत नाव व्हतं, आन् पाणी मोजायचं कामबी. मी दोन्ही वर नेलं. सेन्सर चालू व्हायच्या आधीच मोजणी झाली. बंद सेन्सर पाणी असल्यासारखाच आकडा देतो."

मी थक्क झाले. तिथं कुणालाच हे कळलं नसतं.

"आन् आमी दुसऱ्याला काम दिलं तर?"

"द्या. पन ही पेटी लावू नका."

पोपटरावांनी मिशीवरून हात फिरवला. "गुरुवारी या. बघू."

दुकानात तिनं त्या ओळीच्या दोन ओळी केल्या. नाव तेवढं वर ठेवलं. मोजणी खाली, तिच्या जागी आणली.

गुरुवारी सेन्सर पुन्हा विहिरीबाहेर. पोपटरावांनी बटण दाबलं. मोटर गप्प. पुन्हा दाबलं. गप्पच.

"बिघडली व्हय?"

"न्हाई आप्पा. पाणी न्हाई म्हणून चालंना."

मग तिनं सेन्सर पाण्यात सोडला. मोटर लागली. पोपटराव पाइपातून पडणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले.

"बाकीच्या मोटरींवर कवापासून बसवता?"