अँप्लिफायर निवडताना ऐकू आलेल्या बांगड्या

नागपूरच्या दुकानदारानं ओळखीवर दोन अँप्लिफायर घरी ऐकून बघायला दिले होते. आदिलाबादला आणून मी आईची जुनी अभंगांची तबकडी लावली. पहिल्यानं भिंती दणाणल्या. दुसरा लहानखुरा होता, पण तो लावताच मेथी निवडणारी आई थांबली.

"बांगड्या वाजल्या रे."

"तुझ्याच असतील."

"माह्या नाही. बुवाच्या मागं कोणी बाई तंबोरा घेऊन बसून राह्यली."

मी सुई मागं नेली. खरंच, तारांच्या आड काचेची बारीक किणकिण होती. आई लग्नाआधीपासून ही तबकडी ऐकत होती आणि ही बाई आम्हांला आज भेटली! तोच अँप्लिफायर ठेवला. तबकडी संपेपर्यंत आई हात न हलवता बसून होती.