घासून लख्ख केलेला कातळ

चांदवडच्या अलीकडे ओढ्याकाठी एक काळा कातळ होता आणि त्यावर लांबट, गुळगुळीत खाचा. रंगनाथच्या घरातले विळे-कुऱ्हाडी आजोबांपासून तिथंच धारेला लागायचे. सत्त्याण्णव साली एका ठेकेदाराची खडीसाठी नेमकी त्याच कातळावर नजर गेली. पलीकडच्या खाणीतल्या सुरुंगांनीच रंगनाथच्या भिंतीला बोटभर चीर पडली होती. इथं, घराला खेटून सुरुंग लागला तर घर काही उभं राहत नव्हतं.

तेवढ्यात नाशिकहून पुरातत्त्वाच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, "लोखंड नव्हतं तेव्हा माणसांनी दगडाच्या कुऱ्हाडी इथं घासल्या असाव्यात. आमचे साहेब बघून जातील. त्यांची खात्री पटली तर इथं सुरुंग लागणार नाही."

रंगनाथच्या पोटात गोष्ट टिकायची ती चहाचा कप संपेपर्यंत. संध्याकाळी सारी आळी पुरातत्त्वावर बोलत होती.

साहेब येणार दसऱ्यानंतर. मधे आली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं घासूनपुसून पुजायची. आता विळ्याला आंघोळ आणि त्याला धार देणारा कातळ पारोसा? छे! रंगनाथनं वाळू टाकून कुरुंदाच्या दगडानं एकेक खाच घासली. लग्नाच्या हळदीलाही तो स्वतः एवढा घासला गेला नसेल. एक खाच वाकडी होती, ती सरळ केली. वर हळदकुंकू वाहिलं.

दसरा झाला, साहेब आले. त्यांनी खाचांना भिंग लावलं. "या तर ताज्या आहेत."

"म्याच घासल्या ना सायेब! तुमी येनार म्हनून."

बाईंनी कपाळाला हात लावला. साहेब म्हणाले, "जुन्या असतीलही. पण आता कशावरून सांगू?" जीप गेली.

बायको कलाबाई दारातच उभी. "घरातल्या भांड्याला कधी हात लावला नाय, अन् कातळ बरा घासला!"

रंगनाथ जेवला नाही. कातळाचं एक टोक बांधाच्या मातीत बुजलं होतं. तिथं खुरप्यानं उकरता उकरता एक खाच लागली, चिखलानं भरलेली, कुणी न शिवलेली. पुसायला हात शिवशिवला, तो त्यानं काखेत दाबला. नाशिकला निरोप धाडला. साहेब दौऱ्यावर होते. ठेकेदाराची माणसं मात्र वेळेवर आली.

शिट्टी झाली. रंगनाथ खाचेपाशी बसून.

"बाबा, उठा! सुरुंगाची वात पेटवायचीय," ठेकेदाराचा माणूस ओरडला.

"आधी सायबाला आना."

कलाबाई धावत आली, दंडाला धरून ओढू लागली. "अवो, घर पडलं तर बांधता येईल. उठा!"

"अन् हे?" त्यानं खाचेकडं बोट केलं.

दुसरी शिट्टी झाली. कलाबाईनं त्याचा दंड सोडला नाही, पण ओढायचीही थांबली.