आक्कांची कुंची आणि माझी कात्री

सगुणाआक्कांच्या नातीच्या लेकीची कुंची मी कापली आणि ती लेकीच्या डोक्यात गेली नाही. दोष कापडाचा नव्हता, कात्रीचा नव्हता, आणि बाळाचं डोकंही बाळाच्या डोक्याएवढंच होतं. राहता राहिलो मी. महाळुंग्याच्या एका कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातल्या चुका काढतो. क्वालिटीवाला. त्यामुळे स्वतःची चूक समोरून कशी दिसते, हे मला ठाऊक नव्हतं. ते पुनावळ्यात आक्कांच्या घरी भाड्यानं राहिल्यावर कळलं.

आम्ही धाराशिवकडचे. लग्न झाल्या झाल्या वैशालीला घेऊन खोली बघायला गेलो, तेव्हा आक्का ओट्यावर पायमशीन मांडून गॅसच्या सिलिंडरला परकर शिवत होत्या. झालरीचा. मला वाटलं म्हातारी गंमत करतेय. पण आत गेलो तर मिक्सरला झबलं, रिमोटला लंगोट, फ्रिजच्या मुठीला मोजा. दाराशी काळी मोठी गाडी उभी होती आणि तिच्या स्टिअरिंगला खणाचं, लेस लावलेलं कव्हर होतं. गाडी आक्कांच्या मुलाची, दत्ताभाऊंची. दत्ताभाऊ म्हणजे प्लॉटिंगच्या धंद्यातला दणदणीत गडी, बोलायला लागला की समोरचा बिल्डर खुर्ची मागे सरकवतो. पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा विचारलंच, "भाऊ, साइटवर लोक हसत नाहीत का, ती लेस बघून?"

"हसत्यात की. पर आईला कोन सांगनार? तू सांग."

मी नाही सांगितलं.

त्या पहिल्या दिवशी आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय करतोस?"

"कंपनीत आहे. माल बरोबर झालाय का ते मापून बघतो."

"मंजी करत काय न्हाईस, नुसता मापतोस."

वैशाली खुदकन हसली. खोली तिथंच पक्की झाली. "ऱ्हावा," आक्का म्हणाल्या, "पर तुजा शर्ट लई घट हाय. गुदमरून मरंल बिचारा." शर्ट मरेल म्हणत होत्या, मी नाही.

आता खरं सांगायचं तर आक्का काही फार बारीक शिवणाऱ्या नव्हत्या. कॉलर त्यांना उभ्या आयुष्यात जमली नाही. पण 'जमत नाही' हे शब्दच त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्यांनी कॉलरवरच बंदी घातली होती. "मान काय पडून जाती व्हय? तिला कुंपन कशाला?" त्या घरातले यच्चयावत पुरुष बिनकॉलरचे हिंडत. दुसरी गोष्ट म्हणजे त्या सगळ्यांना वाढत्या अंगाचं शिवत. पाळण्यातल्या पोराला वाढत्या अंगाचं शिवतात हे ठीक आहे. आक्का पन्नाशीच्या दत्ताभाऊंनाही तसंच शिवायच्या. भाऊ कुरकुरले की म्हणायच्या, "गेल्या साली वाढला न्हाईस का?" भाऊ पोटाकडे बघून शर्ट चढवायचे.

कुणाला काय हवंय हे त्या विचारत नसत. "तुला काय इचारायचं? घालायचं तुज्या अंगाला. म्या अंगाला इचारलंय." शिवून झालं की हातात द्यायच्या आणि एकच प्रश्न, "बसलं का?" याचं उत्तर 'हो' असं द्यायचं असतं, हे घरातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. त्याच्या अंगातही बंडी होती.

मलाही यथावकाश शर्ट मिळाला. बिनकॉलरचा आणि इतका ऐसपैस, की आत वैशालीही मावली असती. तो घालून कंपनीत गेलो तर लाइनवरचा पहिलाच माणूस म्हणाला, "राव, भजनी मंडळात लागलास का?" दुसऱ्या दिवसापासून मी एक युक्ती काढली. घरून आक्कांचा शर्ट घालून निघायचं आणि कंपनीच्या पार्किंगमध्ये बदलायचा. माझ्या हुशारीवर मी फार खूश होतो. आठवड्याभरात आक्कांनी धुवायला निघालेला शर्ट वैशालीच्या हातातून घेतला, बगलेचा वास घेतला आणि मला हाक मारली.

"ह्यो शर्ट कामावर गेल्याला न्हाई. घालायचा नसंल तर तोंडावर सांग. मी काय रडत न्हाई बसनार."

"चुकलं, आक्का."

"दुसरा शिवते."

तेव्हापासून मी निमूटपणे भजनी मंडळात आहे.

त्या वर्षी दत्ताभाऊंची मुलगी पूजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, बारशाचा रविवार ठरला. आता त्या घरातलं कुठलंही मूल आक्कांनी शिवलेल्या कुंचीशिवाय पाळण्यात गेलं नव्हतं. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाची टोपी, तिलाच मागे पाठीवर रुळेल अशी झूल जोडलेली. आक्कांनी हिरवा खण आणून ठेवला आणि त्याच आठवड्यात दूध प्यायला आलेल्या बोक्याला हाणायला म्हणून ओट्यावरून उतरताना त्या पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. बोक्याला काही झालं नाही.

पूजाच्या सासूबाईंचा फोन आला. बाई मनानं चांगल्या. "आक्का, तुम्ही हाताला त्रास देऊ नका हं. आम्ही कपड्यांचा सगळा सेट ऑनलाइन मागवलाय. टोपीला सशाचे कान आहेत, इतके गोड!"

"बरं," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या दिवशी त्यांनी कुणाच्याच कपड्यांना नावं ठेवली नाहीत. संध्याकाळी मी टाकीत पाणी नाही हे सांगायला खाली गेलो, तर झाकलेल्या मशीनसमोर बसून होत्या.

"ह्या डावाला न्हाई शिवली की संपलं बघ," माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "पुढल्या टायमाला कोनी इचारायचंच न्हाई. आक्का कशाला, ऑनलाइन हाय की. मंग मी जेवायचं आन् बसायचं."

मला काय बोलावं सुचेना. आणि सुचत नाही तेव्हा मी हटकून बोलतो.

"मी कापतो की, आक्का. त्यात काय!"

'त्यात काय' या दोन शब्दांनी आजवर माझं जेवढं नुकसान केलंय तेवढं वैऱ्यानंही केलं नसेल. आक्कांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. दुसरा कुणी मिळतो का याचा विचार करत असाव्यात. मिळाला नाही.

मी कामाला लागलो तो पूर्ण क्वालिटीच्या थाटात. बाळाच्या डोक्याचं माप घ्यायला व्हर्नियर कॅलिपर घेऊन गेलो. पूजा किंचाळली, "दादा, ते लोखंड लांब ठेवा तिच्यापासून!" मग टेप लावली. आलेख कागदावर ड्रॉइंग काढलं. खण अंथरला, स्टीलची पट्टी ठेवली, टोकदार पेन्सिलीनं रेघ मारली आणि रेघेवरून कात्री अशी चालवली की माझा मलाच अभिमान वाटला. तुकडे घेऊन आक्कांपुढे गेलो.

"माया किती सोडलीस?" त्यांनी विचारलं. माया म्हणजे शिवताना आत मुडपायला ठेवतात ते जास्तीचं कापड, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, जास्ती काही राहिलंय का असं विचारतायत.

"आक्का, एक मिलीमीटरसुद्धा जास्त नाही!"

आक्कांनी डोळे मिटून घेतले.

"आरं बाबा, मंग शिवन कशात घालनार? हवंत?"

आता यात माझं काय चुकलं सांगा. आमच्याकडे ड्रॉइंगवर जे माप तेच जॉबचं, म्हणजे तयार भागाचं. जास्त निघाला तर रिजेक्ट, कमी निघाला तर रिजेक्ट. लोखंड कुणी चारी बाजूंनी आत दुमडून शिवत नाही. तरीही मी हटलो नाही. ताणलं तर बसेल म्हणालो, धावदोरा घालून तुकडे जोडले आणि बाळापाशी गेलो. कुंची तिच्या टाळूवर डब्याच्या झाकणासारखी टेकली. बाळानं आधी माझ्याकडे ऑडिटला आलेल्या साहेबासारखं पाहिलं आणि मग भोकाड पसरलं.

बारसं दुसऱ्या दिवशी होतं. "चिंचवडला जाऊन नवा खण आणतो," मी म्हणालो.

"नगं. तू त्यो बी मापून आनशील."

आक्का उठल्या, कपाटातून आपलं एक वापरून मऊ झालेलं लुगडं काढलं. कात्री डाव्या हातात घेतली आणि पदराला लावली. ती चालली खंडाळ्याच्या घाटासारखी. मी पकडू का विचारलं तर म्हणाल्या, "तू लांब उभा ऱ्हा. आनखी लांब." मग मला मशीनवर बसवलं. एकाच हातानं कापड सरकवायचं आणि तोल सांभाळत पायही मारायचा, हे त्यांना होईना. "पाय तुजा, हात माजा. आदी त्या फुकट गेलेल्या कुंचीवर पाय बसव."

मशीनचं पायडल मारण्यात काय अवघड असतं, असं मला वाटायचं. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. मग एकदा वेग आला तो थांबेच ना.

"आरं सायकल न्हाई ती! कुठं निघालास, चाकनला?"

"थांबत नाहीये, आक्का!"

"पाय कुनाचा हाय? थांब म्हनलं की थांबायचं. बैलाला बी कळतं."

त्या फुकट गेलेल्या कुंचीवर दुहेरी-तिहेरी शिलाया पडल्या, ती चिलखतासारखी कडक झाली. सरावाला म्हणून तिला आक्कांनी लेसही लावायला लावली. मग लुगड्याची घेतली. माझा पाय आणि त्यांचा डावा हात. चार बोटं पुढे, की थांब. चार बोटं, की थांब. हळूहळू त्या 'थांब' म्हणायच्या आधीच माझा पाय थांबायला लागला. त्या काहीच बोलेनाशा झाल्या. आक्का बोलत नाहीत म्हणजे काम बरं चाललंय.

रविवारी पूजाच्या सासूबाई सशाचे कान घेऊन हजर झाल्या. आक्कांनी लुगड्याची कुंची पुढे केली. एक बाजू खाली, एक वर, आणि आकार असा की दत्ताभाऊंना गुडघेदुखीला गुंडाळता आली असती. माजघरातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्लास्टरमधला हात आक्कांनी पदराखाली घेतला होता. मी दारात उभा होतो. सासूबाईंनी कुंची हातात घेतली, गालाला लावली.

"अगं बाई! किती मऊ आहे हो ही. कान राहू देत, फोटोपुरते घालू नंतर." आणि त्यांनी स्वतःच ती बाळाला घातली. बाळ तिच्यात दिसेनासंच झालं आणि बघता बघता झोपलं.

"वाढत्या अंगाची हाय," आक्का म्हणाल्या. मान वर करून.

मग कुणीतरी म्हणालं, वरवंटा आणा. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा सजवून पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा असतो, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. मिक्सर आल्यापासून वरवंटा कुणी पाहिला नव्हता. शोधाशोध झाली, शेवटी तो माझ्याच खोलीच्या दाराला टेकू म्हणून लावलेला सापडला. धुऊन आणला. एक जण त्याला रुमाल गुंडाळू लागली, तोच आक्कांनी कमरेला खोचलेली हिरवी कुंची काढली आणि वरवंट्याच्या डोक्यावर चढवली. टच्च बसली. कुठे सैल नाही, कुठे ओढ नाही. चिंचवडच्या शोरूममधून मापानं शिवून आणल्यासारखी.

"आगं बया! ह्ये माप कुनी घेतलं?" एक म्हातारी ओरडली.

आक्कांनी प्लास्टरचा हात उचलून सगळ्यांदेखत माझ्याकडे दाखवला. बायका हसून हसून पाळण्याला धरून उभ्या राहिल्या.

हात बरा झाल्यावर आक्का पुन्हा शिवायला बसल्या. त्यानंतर भावकीत तीन-चार बारशी झाली, प्रत्येक बाळाला कुंची आक्कांचीच. शिवाय वरवंट्यासाठी लोक माझी कुंची मागून नेऊ लागले. एका घरानं तर फक्त वरवंट्याचा फोटो मला पाठवला.

पुढे आम्ही रहाटणीत फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढलं. वैशालीला तेव्हा दिवस गेले होते. निघताना आक्कांनी तिच्या हातात कापडाची पिशवी दिली, तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मी पाया पडलो आणि उगाच भावुक होऊन म्हणालो, "आक्का, ती हिरवी कुंची मला द्या ना. आठवण म्हणून."

"तुज्या बाळाला मी शिवीन," आक्का म्हणाल्या. "ती न्हाई मिळायची. तुज्या हातनं आजवर तेवढं एकच काम बरुबर झालंय, त्ये बी चुकून."