नायिकेची पेटी

इतकी वर्षं उलटली, पण मोटार स्टँडवर पत्र्याच्या पेटीशेजारी बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांचे तपशील आता कागद बघितल्याशिवाय सांगता यायचे नाहीत. हे प्रकरण मात्र केव्हाही विचारा. नावं सांगणार नाही. त्यांतल्या काहींची नातवंडं अजून त्याच गावात राहतात.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फौजदार म्हणून माझी बदली झाली. तिथे नुकतंच कॉलेज निघालं होतं. विद्यापीठ खरं म्हणजे दूर नागपूरला, पण गावाला कॉलेजचं एवढं अप्रूप, की म्हातारी माणसं त्यालाच ‘विद्यापीठ’ म्हणत. पोलीस लाइनीत क्वार्टर रिकामं नव्हतं, म्हणून मी कॉलेजच्या मागच्या मोहल्ल्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

पोलिसाला शेजार सहसा मिळत नाही. लोक नमस्कार करतात आणि आवाज खाली आणतात. त्या मोहल्ल्यात तसं झालं नाही. सकाळी समोरच्या माडीवर कॉलेजची मुलं मोठ्याने पाठांतर करत. दुपारी वाचनालयाच्या पायरीवर वर्तमानपत्राची पानं वाटून घेतलेली असत आणि एकाने वाचलेल्या बातमीवर दुसरा भांडत असे. संध्याकाळी एका घरात भजनी मंडळ, दुसऱ्या घरात तबल्याची शिकवणी, आणि शुक्रवारी चहाच्या हॉटेलात उर्दू शायरांची बैठक. माझी पत्नी खेड्यातली. पहिल्या महिन्यात ती म्हणाली, “इथं दार लावून बसायची लाज वाटते.” आम्ही दार उघडंच ठेवत असू.

मोहल्ल्याचं स्वतःचं नाट्यमंडळ होतं. त्यातली नायिका गेली अठरा वर्षं एकच होती, आणि ती म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले शिंपी मास्तर. वय चाळिशीच्या पुढे, दोन मुलींचे वडील, अबोल माणूस. पण नऊवारी नेसून रंगमंचावर आले की बायका पदर सावरून बसत, असं लोक सांगत. नाटकाचे कपडे शिवायचे, पेटीत नीट ठेवायचे, पेटीची किल्ली सांभाळायची, हेही त्यांच्याचकडे.

त्या वर्षी कॉलेजात पुण्याकडचे एक तरुण प्राध्यापक आले. मंडळाचं नाटक बसवायचं त्यांनी मनावर घेतलं आणि ठरवलं, की स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करायची. धामणगाव बढ्याच्या बाजूच्या एका शेतकरी कुटुंबातली मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. तिला नायिका केलं. मास्तरांना सांगितलं, तुम्ही तिला नेसणं, चालणं, उभं राहणं शिकवा. मास्तर “बरं” म्हणाले आणि महिनाभर शिकवत राहिले. ती मुलगी आणखी तिघींबरोबर ज्या मावशींच्या घरी राहायची, त्या मावशी डोणगावच्या. विधवा बाई, खानावळ चालवायच्या. तालमीला त्या दाराशी पहाऱ्यासारख्या बसत.

नाटकाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मंडळाचे चिटणीस धापा टाकत ठाण्यात आले. वाचनालयाच्या मागच्या खोलीतून नायिकेच्या कपड्यांची पेटी गेली होती. तिच्यात टोप होता, खोटे दागिने होते, त्याबद्दल पोलिसांना काही वाटलं नसतं. पण गावातल्या एका जमीनदाराच्या पत्नीने लग्नातली पैठणी आणि चांदीचा कमरपट्टा नाटकासाठी दिला होता, तेही त्याच पेटीत होतं.

मी जाऊन पंचनामा केला. दार फोडलेलं नव्हतं; नाटकाच्या दिवशी ते सकाळपासून उघडंच असे. नऊ वाजता परीट इस्त्रीचे कपडे ठेवून गेला होता, त्यानंतर खोलीत कोणी गेल्याचं कोणी सांगेना. तोवर जमीनदारांचा दिवाणजी तिथे पोहोचला. “दुसरं कोण असनार, साहेब? परीटच,” तो म्हणाला. जमलेल्यांपैकी कोणी हो म्हणालं नाही, पण नाहीही म्हणालं नाही.

परटाला ठाण्यात आणलं. पस्तिशीचा, हडकुळा माणूस. “मी कपडे ठेवले अन् निंगालो, साहेब,” एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. माझा हवालदार जुन्या चालीचा. शेजारच्या खोलीत त्याने परटाच्या कानाखाली दोन ठेवून दिल्या. आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी फिर्याद लिहीत होतो. लिहीतच राहिलो.

दुपारी दोनच्या सुमारास मावशी ठाण्यात आल्या. बायका तेव्हा ठाण्याची पायरी चढत नसत. त्या सरळ माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

“साहेब, त्या परटाले कायले बसवून ठेवलं?”

“चौकशी चालू आहे, मावशी.”

“काय्ची चौकशी? चोर असता त राजाचा मखमली कोट काऊन सोडून गेला असता? बाजूलेच त टांगेल हाये. जरीचा फेटा हाये, तलवार हाये. नेलं काय, त फक्त बाईचं सामान.”

पंचनाम्यात कोट, फेटा, तलवार असं सगळं मीच लिहिलं होतं. लिहिलं होतं, पण पाहिलं नव्हतं.

“अजून एक सांगतो,” त्या आवाज उतरवून म्हणाल्या. “मी कोनावर आळ घेऊन नाही राह्यली. पन आज नाटकाचा दिवस अन् मास्तरचं दुकान बंद. असं कधी झालं नाही.”

दुकान मी येता-जाता पाहिलं होतं. कुलूप दिसलं होतं आणि काही वाटलं नव्हतं. मी मास्तरांच्या घरी गेलो. त्यांची पत्नी म्हणाली, बहिणीकडे जळगाव जामोदला गेले, सकाळीच. तिथून मी सायकल काढून मोटार स्टँडवर गेलो. टपावर सामान चढवणाऱ्या हमालाला विचारलं, तर त्याने बोट दाखवलं. “ते काय बसेल हायेत मास्तर. जामोदच्या दोन गाड्या गेल्या, चढलेच नाही.”

निंबाच्या सावलीत बाकावर मास्तर बसले होते. शेजारी पेटी. हातात सुईदोरा आणि मांडीवर एक चोळी. मला पाहून त्यांनी दोरा दाताने तोडला आणि चोळी घडी करून पेटीत ठेवली.

“चला मास्तर,” मी म्हणालो. “परटाला सकाळपासून बसवून ठेवलंय तुमच्यापायी.”

त्यांचा चेहराच उतरला. “परटाले? त्याचा काय संबंध? त्याले काऊन धरलं, साहेब?” आणि मी काही बोलायच्या आत पेटी उचलून ते चालू लागले.

ठाण्यात त्यांनी एका दमात कबुली दिली. “मीच नेली. अठरा वर्षं ते काम माह्यं होतं. पोरीले दिलं, ते मले सहन झालं नाही. जळलो मी. लिहून घ्या.”

हवालदार कागद घेऊन बसला. सगळं जुळत होतं. हेतू होता, किल्ली होती, मुद्देमाल समोर होता. तरुण फौजदाराला यापेक्षा जास्त काय हवं? पण मुद्देमालाची यादी करताना मी ती चोळी उचलली. मुलीच्या मापाची, नवी शिवलेली. हुक लावायचे राहिले होते, ते मास्तर स्टँडवर बसून लावत होते. पैठणी धुतलेल्या मलमलीत गुंडाळलेली होती. मी ती चोळी त्यांच्यापुढे धरली.

“जिच्यावर तुम्ही जळता, तिच्या चोळीला हुक कशाला लावत होता?”

मी हवालदाराला बाहेर पाठवलं, पाणी मागवलं, पुन्हा विचारलं. कधी रागावून, कधी समजुतीने. अर्धा तास ते जमिनीकडे बघत बसले. एकदाच म्हणाले, “मी कबूल केलं ना, साहेब. मंग आता अजून काय पायजे?”

तेवढ्यात मावशी परत आल्या. बरोबर ती मुलगी होती. मास्तरांना धरल्याचं मोहल्ल्यात कळलं होतं. मुलीने दाराची चौकट घट्ट धरली होती, पण आवाज फुटला तो मात्र तालमीतल्यासारखा स्पष्ट.

“साहेब, मास्तरईनं माह्यासाठी केलं.”

“तू गप राय, बाई,” मास्तर म्हणाले.

“नाही राहत गप.” तिने मला सगळं सांगितलं. वडील लहानपणीच गेलेले. थोरला भाऊ शेती करून तिला शिकवत होता, सोयऱ्यांचं बोलणं खात होता. मागच्या बाजाराच्या दिवशी तो येऊन गेला. नाटकाचं त्याच्या कानावर गेलं होतं. तो रागावला नाही, हात जोडले त्याने. म्हणाला, तू म्हनशील तितकं शिकवतो, पन तू स्टेजवर उभी राह्यली त मले गावात राहता येनार नाही, मंग मले तुले घरी न्याच लागीन. सर लगेच गावी जाऊन भावाशी वाद घालतील आणि आधीच दबलेला माणूस चार लोकांत खाली बघेल, या भीतीने ती सरांना काही बोलली नाही. नाटक तर तोंडावर आलेलं. शेवटी नेसणं शिकताना तिला मास्तरांपुढे रडू आलं.

“मग मास्तर काय म्हणाले?”

“म्हने, तू कोनाले काही सांगू नको. नाटक तुह्यामुळं बंद पडलं असं कोनी म्हननार नाही. ते मी पाहतो.”

मी मास्तरांकडे वळलो. “आणि दोन गाड्या सोडल्या त्या?”

“दुसऱ्याची पैठनी गावाबाहेर न्यायची हिंमत झाली नाही, साहेब,” ते म्हणाले. “सांजेपर्यंत बसनार होतो. नाटक रद्द झालं की वापस आनून ठेवनार होतो. परटाले धराल, हे ध्यानातच आलं नाही. ते माह्यं चुकलं.”

प्राध्यापकांना बोलावलं. ऐकताना ते खुर्चीतून उठून उभे राहिले. खिडकीपाशी जाऊन म्हणाले, “मी तिला एकदाही विचारलं नाही, की हे करायला तुला जमेल का. मी गृहीत धरलं. मला वाटलं, मी तिच्यावर उपकारच करतोय.” मुलगी म्हणाली, “सर, मले आवडत होतं. खोटं नाही सांगत. पन दादा एकटा हाये.”

पेटी मास्तरांच्याच ताब्यातली, किल्ली त्यांचीच, आणि वस्तू लाटायचा हेतू नाही. चोरी होत नव्हती. गैरसमजातून तक्रार झाली, असा अहवाल मी दिला. पैठणी आणि कमरपट्टा मी स्वतः जमीनदारांच्या घरी पोहोचवला. मुलीचं नाव कोणत्याही कागदात येऊ दिलं नाही. आठ दिवसांनी नाटक झालं. नायिका मास्तरच होते. ते नको म्हणत होते, मुलीने गळ घातली. ती स्वतः पडद्याआड पुस्तक धरून बसली होती. तिचं कॉलेज पूर्ण झालं, पुढे ती शिक्षिका झाली असं कळलं. मोहल्ल्याने मास्तरांना कधी टोमणा मारला नाही. त्या माणसांचं मन मोठं होतं, हे मी आजही सांगेन.

पण गोष्ट इथे संपली असती, तर मी ती लिहिलीच नसती.

नाटकानंतर एका सकाळी परटाच्या दुकानावरून जात होतो. इस्त्रीचं टेबल रिकामं होतं. कपड्यांचा ढीग नव्हता. मी थांबलो, विचारलं.

“पेटी सापडली हे साऱ्याईले माहीत हाये, साहेब,” तो म्हणाला. “पन मी ठान्यात बसेल होतो, हेबी साऱ्याईले माहीत हाये.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मास्तरांसाठी आणि त्या मुलीसाठी अख्खा मोहल्ला हळवा झाला होता. याच्यासाठी त्या दिवशी मावशींशिवाय एक माणूस ठाण्यात आला नाही. आणि मी तर ठाण्यातच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेलात गर्दी असते त्या वेळी, मी माझे गणवेश हातावर घेऊन गल्लीतून चालत गेलो. ते त्याच्या टेबलावर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “तुझा काही दोष नव्हता. तुला मारलं ते मला ऐकू येत होतं आणि मी थांबवलं नाही. माझं चुकलं.”

त्याने कपडे मोजून बाजूला ठेवले. मग विचारलं, “हवालदार साहेबबी असंच म्हनतील का?”

मी संध्याकाळी हवालदाराला घेऊन गेलो. तो कुरकुरला, पण आला आणि दोन शब्द बोलला. परटाने मान हलवली. क्षमा केली असं काही तो म्हणाला नाही, आणि मीही तशी अपेक्षा धरली नाही. गिऱ्हाईक परत यायला महिना लागला.

मी त्यातून एवढंच शिकलो. भराभर कबुली देणाऱ्याकडे भराभर नाकारणाऱ्याइतक्याच संशयाने बघायचं. आणि ज्याच्यासाठी ठाण्यात कोणी विचारायला येणार नाही, त्याला बसवून ठेवण्याआधी दहादा विचार करायचा. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे चौकशीला आणलेल्या प्रत्येक माणसाची येण्याची आणि जाण्याची वेळ ठाण्याच्या रोजनाम्यात माझ्या हाताने लिहीत गेलो.

त्या गावचा त्या दिवसाचा रोजनामा मी बदलीच्या वेळी काढून पाहिला होता. पेटी गेल्याची नोंद आहे, सापडल्याची आहे, जमीनदारांना वस्तू परत दिल्याची आहे. तो परीट सकाळी साडेअकरापासून दुपारी चारपर्यंत ठाण्यात होता, हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही. म्हणून आज इथे लिहिलं.