गाळलेलं पाणी

काचताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून बावीस वर्षं भिंगं घासणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? काचेवर एक कण जरी राहिला तरी हिच्या जिवाला चैन नसे. घरीसुद्धा पाण्याचा पेला उजेडात धरून बघितल्याशिवाय ती कुणाला द्यायची नाही.

एका सकाळी मोठ्यांच्या रात्रशाळेतले जीवशास्त्राचे सर चष्म्याची तुटलेली काडी बसवून घ्यायला आले. काम होईपर्यंत त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचं एक चपटं यंत्र काढलं.

"घरी केलेला सूक्ष्मदर्शक आहे. बघता का, ताई?"

तिने डोळा लावला. आत कांद्याचा पापुद्रा होता आणि त्यात एकाला एक लागून विटांसारखी घरं!

"अगंबाई!" ती अशी ओरडली की मालक गल्ला सोडून धावत आले. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून इतकं नवल तिला कशाचंच वाटलं नव्हतं.

"सर, मला तुमच्या वर्गात घ्या."

सर घुटमळले. एकच जागा उरली होती आणि शनिवारी नावं घेणं बंद होणार होतं. "ताई, अशी हौस चार दिवस टिकते. असं यंत्र स्वतः करा, त्यातून काहीतरी जिवंत बघा आणि त्याचं चित्र काढून आणा. मग जागा तुमची." जाताना त्यांनी काचेची एक कांडी तिच्या हातावर ठेवली आणि कृती सांगितली.

काचेचं काम म्हणजे हिच्या हातचा मळ. गॅसवर कांडी तापवून तिने केसासारखा धागा ओढला, त्याचं टोक पुन्हा ज्योतीत धरलं, की वितळून त्याचा मणी होई; तोच यंत्राचं भिंग. पाच मणी वाकडे झाले, सहावा मोहरीएवढा, अगदी नितळ उतरला. तो पुठ्ठ्याच्या भोकात बसला आणि यंत्र तयार झालं. फुलदाणीतलं जुनं पाणी घेतलं, काचेवर थेंब ठेवला, डोळा लावला. काही नाही! बुधवारी काही नाही, गुरुवारीही नाही. नुसता उजेड.

"जीवशास्त्र राहू दे, आधी आमचा जीव वाचव," नवरा म्हणाला. "दोन दिवस भाजी करपतेय."

"करपलेली खा. मी हे सोडणार नाही."

बोलली ठसक्यात, पण मनात वेगळंच होतं. हे सुटलं की पुन्हा कोण विचारतंय या वयात?

शुक्रवारी सुट्टी घेऊन ती सकाळीच बसली. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या. सुनेने रोजच्यासारखं फुलदाणीतलं पाणी चौपदरी मलमलीतून गाळलं, काच पुन्हा पुन्हा पुसली, मग थेंब ठेवला. सासूबाईंचा हात थांबला.

"अगं, गाळतेस कशाला?"

"मग काय घाण काचेवर ठेवू, आई?"

"वेडाबाई! तुला बघायचंय ते त्या फडक्यात अडकलंय ना!"

तिने कपाळावर हात मारून घेतला. बावीस वर्षं जे पुसलं तेच तर बघायचं होतं! तिने फुलदाणीच्या तळाचा हिरवा, बुळबुळीत गाळ बोटाने उचलला. काचेवर तो लावताना हात मागे येत होता, दात आवळून लावलाच. आणि मण्यात एक इवलासा जीव तोंडाशी भोवरे फिरवत, शेपूट आखडत, गाळातून वाट काढत निघाला. काचताई रडली. डोळे पुसून तिने पेन्सिल उचलली, संध्याकाळपर्यंत चौदा चित्रं खोडली आणि पंधरावं ठेवलं.

शनिवारी सरांनी कागद हातात घेतला. शेपटीची दोन टोकंसुद्धा तिने सोडली नव्हती. कडेला मात्र बोटाचा हिरवा डाग होता.

"डाग पुसला नाहीत?"

"तो याच्या घरचा आहे, सर."

"बरं, याचं नाव काय?"

"ते तुम्ही शिकवायचं," काचताई म्हणाली. "त्यासाठीच तर आलेय."

सरांनी वही उघडली आणि तिला खरं नाव विचारलं.